परत येणारी लाट: जेट-स्कीच्या एक्झॉस्ट नळीचा इतिहास, भोर-वेल्ह्याच्या काठावरून



भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांवर व्याख्यान म्हटलं की राजगड, तोरणा, रोहिडा, भोरचा राजवाडा अशी नावं डोळ्यांपुढे येतात. आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, "जेट-स्कीचा सायलेन्सर? आणि तो इतिहासाच्या व्याख्यानात?" प्रश्न रास्त आहे. पण ही एक वस्तू हातात घेतली तर तिच्यामागे जर्मनी, जपान, कॅलिफोर्निया असा लांबचा प्रवास निघतो. त्याच प्रवासातली एक वाट आपल्या दूधवाल्यांच्या मोटरसायकलींपर्यंत येते. आणि शेवटी ती वस्तू ज्या पाण्यावर चालवायची ते पाणी आपण पितो. म्हणून हा विषय.

आणखी एक सरळ प्रश्न आहे. उद्या कुणी उभ्याने चालवायची जुनी जेट-स्की आणली, आणि तिच्यासाठी बाजारातली वेगळी नळी, म्हणजे कंपनीची मूळ नव्हे अशी, कुणी दाखवली, तर ती कसली आहे हे ओळखायचं कसं? घ्यायची की नाही हे ठरवायचं कसं? आमचं म्हणणं असं की त्याचं उत्तर त्या नळीच्या इतिहासातच आहे. तो माहीत नसेल तर आपण फक्त आवाज विकत घेतो.

आधी पाणी पाहू. वेळवंडी नदीवर भाटघरला पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला झालं. त्या तलावाला व्हायटिंग या इंजिनिअरचं नाव होतं. पुढे मोठं लॉईड धरण १९२८ साली पूर्ण झालं, तेव्हा हा मुलूख भोर संस्थानाचा होता. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. साठा साधारण साडेतेवीस टीएमसी. हे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वेळवंडजवळ कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं, आणि माणसं ते बघायला जातात. वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, आंबी नदीवर पानशेत आहे आणि मोसे नदीवर वरसगाव. या दोन्हींचं पाणी खडकवासल्यात उतरतं आणि तिथून पुण्याच्या नळाला येतं. पानशेतच्या बाजूला पर्यटकांसाठी वॉटर स्कूटर फिरल्या आहेत. त्या बहुतेक बसून चालवायच्या. उभ्याने चालवायची जेट-स्की हे वेगळं प्रकरण आहे. लहान, हलकी, एकट्याची, आणि तोल सांभाळता आला नाही तर लगेच पाण्यात टाकणारी.

आता नळीकडे येऊ. आपण तिला सायलेन्सर म्हणतो, म्हणजे गप्प करणारा. या एका शब्दामुळे फार गैरसमज झालाय. चार-स्ट्रोक इंजिनात हे नाव बऱ्यापैकी चालून जातं. दोन-स्ट्रोकमध्ये मात्र ती नळी इंजिनाचाच भाग असते. पिस्टन, सिलिंडर, कार्ब्युरेटर यांच्या बरोबरीचा.

कसं ते सांगतो. दोन-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली जाताना आधी धूर जायचं पोर्ट उघडतं, मग ताजं मिश्रण आत यायचं. ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येताना जळलेल्या वायूला बाहेर ढकलतं. पण त्या वेळी बाहेरचं दारही उघडंच असतं! त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. पाहुणा पुढच्या दाराने आला आणि मागच्या दाराने निघून गेला, तसं.

हे गळणं कमी कसं करायचं, यावर गेल्या शतकात पुष्कळ डोकी खपली. पहिली मोठी पायरी १९२०च्या दशकात आडोल्फ श्न्यूर्ले या जर्मन इंजिनिअरची. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये वळसा घेऊन फिरेल अशी पोर्टची रचना त्यांनी केली. झेकोपाउ या सॅक्सनीतल्या गावात डीकेडब्ल्यू नावाचा मोटरसायकल कारखाना होता. १९३०च्या दशकात त्याने ही रचना उचलली आणि नाव कमावलं. महायुद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि कारखान्याचं नाव पुढे एमझेड झालं. मूळ डीकेडब्ल्यूची आरटी १२५ ही मोटरसायकल मात्र जगभर नकलली गेली. इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आणि जपानमध्येही. यामाहाची १९५५ सालची पहिली मोटरसायकल, वायए-१, याच गाडीवरून घेतलेली होती.

दुसरी पायरी एमझेडच्या शर्यत विभागाचे प्रमुख वॉल्टर काडेन यांची. त्यांनी लक्ष नळीकडे वळवलं. पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. नळी जिथे हळूहळू रुंद होत जाते, तिथून ओढणारी लाट उलटी येते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते. पुढे नळी पुन्हा निमुळती होते. तिथून दाबणारी लाट परत येते, आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण, पोर्ट बंद व्हायच्या ऐन वेळी, सिलिंडरमध्ये परत लोटते. फुगीर पोटाची आणि दोन्हीकडे निमुळती अशी ती नळी म्हणूनच तशी दिसते. तिला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री नुसतं 'चेंबर' म्हणतात. काडेन या लाटा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहून नळ्यांचे आकार ठरवत. १९६१पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्तीची मजल गाठली. त्या काळात हे अचाट होतं.

१९६१ हे साल आपल्याला दुसऱ्याच कारणाने पाठ आहे. १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुण्यात पूर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड इथल्या शर्यतीनंतर एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला. बायको-मुलांना पूर्व जर्मनीतून बाहेर काढण्याची व्यवस्था आधीच झाली होती. काडेन यांच्याकडे शिकलेलं सगळं घेऊन तो जपानला सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीने ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद जिंकलं, स्वार डेग्नरच. काही वर्षांतच नळीचं हे शास्त्र सगळ्या जपानी कंपन्यांचं झालं. एका माणसाच्या पळून जाण्याने विद्या जगात पसरली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. काडेन मात्र मागेच राहिले. त्यांना त्यातलं काय मिळालं, हाही इतिहासच आहे.

आता पाण्यावर जाऊ. क्लेटन जेकबसन नावाचा एक अमेरिकन मोटरसायकलवाला होता. वाळवंटात, खडकाळ वाटांवर शर्यती करायचा आणि पडायचा. त्याच्या मनात आलं, हेच पाण्यावर केलं तर पडल्यावर लागणार तरी नाही. त्यातून उभ्याने चालवायच्या यंत्राची कल्पना निघाली. कावासाकीने १९७३ साली ते यंत्र 'जेट स्की' या नावाने बाजारात आणलं. हे नाव कावासाकीचंच, आपण सगळ्यांनाच ते म्हणतो ही गोष्ट वेगळी. पुढे १९७७ला ४४० आलं, १९८२ला ५५०, १९८७ला ६५०, १९९२ला ७५०. यामाहाचं सुपरजेट १९९०ला आलं. ही सगळी दोन-स्ट्रोक, दोन सिलिंडरची.

इथे नळीपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. थोडं गणित करू, घाबरू नका. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतं असं धरा. म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग. त्यातला साधारण अर्धा वेळ धुराचं पोर्ट उघडं. गरम धुरात लाट सेकंदाला अंदाजे ५०० मीटर धावते. तेवढ्या वेळात तिचं जाणं-येणं मिळून अडीच मीटर होतं. म्हणजे लाट जिथून परतायची ते ठिकाण सव्वा मीटरच्या आसपास हवं. मोटरसायकलवर सव्वा मीटर नळी सहज बसते. जेट-स्कीच्या इवल्याशा पोटात कुठे बसवणार? ती वळवून, इंजिनाभोवती गुंडाळून बसवावी लागते. शिवाय बंद डब्यात तापलेली नळी म्हणजे आगीचं निमंत्रण.

उपाय पाण्यातच होता. जेट-स्कीचा पंप जे पाणी मागे फेकतो, त्यातलंच थोडं इंजिन थंड करायला वळवलेलं असतं. ते नळीच्या दुहेरी भिंतीतून फिरवलं. काही रचनांत तर पाणी थेट धुरात, नळीच्या सुरुवातीलाच सोडलं. आता गंमत बघा. धूर थंड झाला की लाट मंदावते. चारशे अंशांचा धूर शंभर अंशांवर आणला तर लाटेचा वेग जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो. मग तीच सव्वा मीटरची गोष्ट पाऊण-एक मीटरमध्ये साधते. म्हणजे पाणी सोडून आखूड नळीला लांब नळीसारखं वागवता येतं. पाणी जास्त सोडलं तर कमी फेऱ्यांवर जोर येतो, कमी सोडलं तर वरच्या फेऱ्यांवर. नळीवरचे ते छोटे स्क्रू याच्यासाठी असतात. पेटी वाजवणारा भात्याचा दाब सांभाळतो तसं हे काम आहे.

यातून दोन जाती पडल्या. धुरात सुरुवातीपासून पाणी सोडणारी ती ओली नळी. पाणी फक्त भिंतीत फिरवून अगदी शेवटी, रबरी होजच्या आधी, धुरात मिसळणारी ती कोरडी नळी. ओली नळी खालच्या फेऱ्यांत तगडी, सौम्य. कोरडी वरच्या फेऱ्यांत धावणारी, पण हाताळायला नाजूक. ढोबळ मानाने असं.

बाजारातल्या नळ्यांचा धंदा वाढला तो अमेरिकेत. १९८२ साली जेट-स्कीच्या शर्यतींची संघटना स्थापन झाली, आणि शर्यतींचे गट पडले. मूळ यंत्र तसंच ठेवायचं तो एक गट, मर्यादित बदल चालतील तो दुसरा, हवे ते बदल करा तो तिसरा. नळ्या बनवणारे याच गटांच्या नियमांना धरून नळ्या बनवू लागले. म्हणून आजही जुन्या नळ्यांना 'लिमिटेड', 'मॉड' अशी नावं आहेत. ही नावं दर्जाची नाहीत. ती शर्यतीच्या नियमपुस्तकातून आलेली आहेत. 'मॉड' म्हणजे 'लिमिटेड'पेक्षा भारी, असं समजून घेणारा फसतो.

या शर्यतींची मोठी जत्रा ॲरिझोनातल्या लेक हवासूवर भरते. तो तलाव नैसर्गिक नाही. १९३८ साली पूर्ण झालेल्या पार्कर धरणाचा तो फुगवटा आहे, आणि त्यातलं पाणी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शहरांना प्यायला जातं. म्हणजे हे यंत्र वाढलं तेही पानशेत-भाटघरसारख्याच पाण्यावर. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला इथेच परत यायचंय.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे ही विद्या रस्त्यावरून आली. राजदूत १७५ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली, दोन-स्ट्रोक. म्हैसूरला १९६१पासून जावा बनू लागली, पुढे तिचीच येझदी झाली, तीही दोन-स्ट्रोक. १९८३ला राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी. १९८५ला आरएक्स १००. १९८६ला बजाजने एम-८० आणली आणि त्याच वर्षी कावासाकीबरोबर केबी १००. म्हणजे जेट-स्की बनवणाऱ्या कावासाकीचं नाव आपल्या गावातल्या टाकीवर तेव्हाच झळकलं होतं. आरएक्स १००ची ती फुगीर नळी तर थेट त्याच घराण्यातली: झेकोपाउची गाडी, तिच्यावरून यामाहाची पहिली गाडी, काडेनची नळी, आणि मग भोरच्या एसटी स्टँडसमोर उभी असलेली आरएक्स.

वेल्ह्याच्या, भोरच्या गावांतून पहाटे दुधाचे कॅन लटकवून निघणाऱ्या एम-८० आणि राजदूत ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे आठवेल. दोन-स्ट्रोकचा धूर आणि तो 'टर्रर्र' आवाज घाटातून आधी यायचा आणि गाडी मागून. नळीत काजळी साठली की गाडी ओढायची नाही. मग मिस्त्री ती नळी काढून आगीत भाजायचा, आपटून काजळी झाडायचा, आतली पुंगळी साफ करून परत बसवायचा. त्याला लाटेचं गणित माहीत नसेल, पण नळी गुदमरली की इंजिन गुदमरतं हे त्याला पक्कं कळत होतं. ही खरी विद्या होती.

पुढे काय झालं? १९९१पासून धुराचे नियम आले, १९९६ आणि २०००ला कडक झाले. दोन-स्ट्रोक गाड्या एकेक करून थांबल्या. आरएक्स १०० आणि येझदी १९९६ला. या मोजमापांचं काम ज्या संस्थेत होतं ती एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली, पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच आहे. गाड्या गेल्या, त्यांच्याबरोबर त्या नळीची समजही गेली. शिल्लक राहिला तो फक्त आवाज. आज चार-स्ट्रोक बुलेटची 'पुंगळी काढून' पोरं फिरतात. त्या पुंगळी काढण्याने इंजिनाला काही मिळत नाही, शेजाऱ्यांना मात्र मिळतं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण वर्तमानपत्रांत बघतो. आम्हाला त्यात पोरांचा दोष दिसतो तसा आपलाही दिसतो. ही नळी कशासाठी असते हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आणि हाच अर्धवटपणा घेऊन आपण पाण्यावर गेलो तर काय होईल? म्हणून आता ओळखण्याकडे येऊ. शिलालेख वाचणारा जसा आधी दगड बघतो, मग अक्षर, मग मजकूर, तशीच शिस्त इथे लागते.

पहिली गोष्ट, शिक्का. मूळ कंपनीची नळी बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर भागाचा क्रमांक उठवलेला असतो. बाहेरच्या नळ्या ओतीव असतात किंवा स्टीलच्या पत्र्याचे शंकू जोडून केलेल्या. फॅक्टरी पाइप, कॉफमन, वेस्टकोस्ट, मरिनर ही जुनी नावं. नाव दिसलं तर ठीक. दिसलं नाही तर विकणाऱ्याने सांगितलेलं नाव म्हणजे निव्वळ आख्यायिका. तोपर्यंत ती बेनामी समजा.

दुसरी गोष्ट, तोंड. नळी इंजिनाला जिथे जोडते त्या फ्लँजवरची बोल्टची भोकं. कागद ठेवून बोटाला ग्रीस लावून घासा, शिलालेखाचा ठसा घेतात तसा ठसा येतो. तो घेऊन इंजिनाशी ताडून बघा. एकाच नावाच्या यंत्रात वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं बसली आहेत. १९९०चं सुपरजेट आणि १९९६चं सुपरजेट नावाने एक, इंजिनाने एक नाहीत. म्हणून 'सुपरजेटची नळी' एवढ्यावर कधी पैसे देऊ नका.

तिसरी, पाण्याच्या वाटा. होज लावायच्या टोट्या मोजा. सुरुवातीच्या भागात पाणी सोडायचे स्क्रू आहेत का बघा. आत टॉर्च मारा. ओल्या नळीत क्षारांचे पांढरे थर दिसतात, कोरडीत तेलकट काजळी. दुहेरी भिंत असेल तर तिचं एक तोंड बंद करून दुसरीकडून पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला ओल आली, तर ती नळी घेऊ नका. भिंतीतलं पाणी धुराच्या वाटेत झिरपलं की ते सिलिंडरपर्यंत पोचू शकतं.

चौथी, मापं. सुतळी घेऊन नळीच्या मध्यातून लांबी मोजा, सर्वांत फुगीर जागेचा घेर मोजा. आणि शेपटीचं भोक. ही शेपटी फार महत्त्वाची. ती अरुंद झाली तर उष्णता आत कोंडते आणि पिस्टन जाम होतो. रुंद झाली तर लाटच मरते. जुन्या नळ्यांची शेपटी कुणीतरी कापून परत वेल्ड केलेली असते, ती खूण शोधा. माणसाने केलेला बदल वेल्डमध्ये दिसतोच.

एवढं ओळखलं, तरी निवड बाकी राहते. आणि इथे जेट-स्की मोटरसायकलपेक्षा अगदी वेगळी पडते. मोटरसायकलला गिअर असतात. नळी वरच्या फेऱ्यांवर चालणारी असली तर स्वार गिअर खाली टाकून इंजिनाला तिथे आणतो. जेट-स्कीला गिअर नाहीत. इंजिनाला जोडलेला एक पंखा, इम्पेलर, तेवढाच. पाण्यात फेरे दुप्पट करायचे तर शक्ती जवळजवळ आठपट लागते. त्यामुळे इंजिन किती फेऱ्यांपर्यंत पोचणार हे पंखाच ठरवतो. नळीचा जोर साडेसात हजारांवर आणि पंखा इंजिनाला साडेसहाच्या पुढे जाऊच देत नाही, अशी जोडी लागली तर नळीचे पैसे पाण्यात. अक्षरशः. म्हणून नळी निवडताना पंखा कोणता, हे आधी विचारा. नळी आणि पंखा यांचं लग्न आहे, पत्रिका जुळवल्याशिवाय लावू नये.

दुसरं, कशासाठी हवी? एका जागी वळणं, उड्या घ्यायच्या तर खालच्या फेऱ्यांचा जोर हवा, ओली नळी बरी. बांधलेल्या मार्गावर शर्यत असेल तर वरचे फेरे. नुसतं फिरायचं असेल तर आमचं प्रामाणिक मत, कंपनीची मूळ नळी ठेवा.

तिसरं, आपली उंची. भाटघर, पानशेत समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहेत. इथे हवा पाच-सहा टक्के विरळ. मुंबई-गोव्याकडे जुळवलेलं इंजिन इथे जास्त पेट्रोल पितं, धूर करतं. उलटं जास्त वाईट: इथे जुळवलेलं इंजिन समुद्रावर नेलं तर त्याला पेट्रोल कमी पडतं, आणि दोन-स्ट्रोकला पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही कमी. पिस्टन चिकटलाच. नळी बदलली तरी हेच. नवीन नळी बसवून कार्ब्युरेटरचे जेट न तपासता निघणं म्हणजे इंजिनाचा बळी देणं.

मंडळी, आता त्या पाण्याकडे परत. मघाशी सांगितलं की ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता निघून जातो. काही म्हणजे किती? जुन्या कार्ब्युरेटरच्या दोन-स्ट्रोकमध्ये पाव ते तीस टक्के इंधन असं निसटतं. रस्त्यावर ते हवेत जातं. जेट-स्कीत धूर पाण्यातून निघतो, म्हणजे ते पेट्रोल आणि ऑइल आधी पाण्यात उतरतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९६ साली अशा इंजिनांवर नियम आणले. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचा लेक टाहो पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. तिथे जून १९९९पासून कार्ब्युरेटरची दोन-स्ट्रोक इंजिनं बंद केली. उभ्याच्या जेट-स्कीही बदलल्या. कावासाकीची दोन-स्ट्रोक २०११ला थांबली आणि २०१७ला चार-स्ट्रोक आली. यामाहाच्या सुपरजेटने २०२१ला चार-स्ट्रोक घेतलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती सहसा उलटी सांगितली जाते. चांगली, जुळलेली नळी हे गळणं कमी करते. परत येणारी लाट जे निसटलं ते आत लोटते, तिचं कामच ते. उलट नळी कापणं, शेपटी मोठी करणं, मागचा पाण्याचा डबा काढून टाकणं, याने आवाज वाढतो, लाट बिघडते आणि निसटलेलं पेट्रोल तसंच पाण्यात जातं. तरीही सर्वांत उत्तम नळीसुद्धा हे गळणं पूर्ण थांबवू शकत नाही. म्हणून पानशेत-वरसगावच्या पाण्यात जुनं दोन-स्ट्रोक यंत्र, कुठल्याही नळीसह, उतरवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. परवानगीचा प्रश्न वेगळा, तो जलसंपदा विभागाकडे विचारावाच लागेल. आम्ही त्याच्याही आधीचं बोलतोय. जुनं यंत्र आवडीने जपा, दुरुस्त करा, शर्यतीच्या जागी न्या. त्याच्या नळीचा अभ्यास करा, तो करण्यासारखा आहे. प्यायच्या पाण्यावर फिरायचं तर चार-स्ट्रोकवर फिरा, किंवा वल्हं मारा.

शेवटी एवढंच. आपल्या भागातल्या मिस्त्रींना या नळीची हाताने झालेली ओळख होती, तिच्या मागचं शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. आज शास्त्र मोबाइलवर मिळतं, पण हाताची ओळख उरली नाही. दोन्ही एकत्र आणायची असतील तर सुरुवात सोपी आहे. घराच्या अडगळीत जुन्या आरएक्सची किंवा एम-८०ची नळी पडली असेल तर ती भंगारात देण्याआधी एकदा सुतळीने मोजा. कुठे रुंद होते, कुठे निमुळती होते, ते पोराला दाखवा आणि सांगा की लाट इथून परत येते. जे सोडतो ते परत येतं, हे नळीला जितकं लागू तितकंच धरणालाही. पानशेतला सोडलेलं पुण्याच्या नळाला येतं.